सार्स, 2003 : डॉक्टरांची भीती आणि रुग्णालयांची परीक्षा

नोव्हेंबर 2002 ते जुलै 2003 या काळात सार्स या नव्या श्वसनविकाराने जगभरात 8,096 जणांना गाठले आणि त्यांतले 774 जण दगावले. प्लेग, इन्फ्लुएन्झा किंवा पुढे आलेल्या कोविडच्या शेजारी हे आकडे लहान वाटतात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच हिशेबात आणखी एक आकडा आहे. या रुग्णांपैकी 1,706 जण, म्हणजे दर पाचांमागे एक, डॉक्टर, परिचारिका किंवा रुग्णालयातले अन्य कर्मचारी होते. सिंगापुरात हे प्रमाण 41 टक्के होते, कॅनडात 43, तर व्हिएतनाममध्ये 57. हाँगकाँगमधल्या एका निवासी संकुलासारखे अपवाद सोडले तर ही साथ बाजारात, शाळेत किंवा गाडीत फारशी फैलावली नाही. तिचे मुख्य ठिकाण रुग्णालय हेच होते. जिथे बरे व्हायला जायचे तिथेच रोग जडत होता आणि सर्वांत आधी तो जडत होता उपचार करणाऱ्यांना. त्यामुळे सार्सचा इतिहास वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या भीतीचा आणि त्यानंतर आलेल्या थकव्याचाही इतिहास आहे. तो नीट वाचला तर एक गोष्ट स्पष्ट होते. भीती रोगामुळे निर्माण झाली, पण तिचे पर्यवसान निष्ठेत होणार की मन पोखरणाऱ्या थकव्यात, हे बव्हंशी ठरवले ते रुग्णालयांनी आणि सरकारांनी.

मुळात रोग रुग्णालयातच का वाढला, याचे उत्तर विषाणूच्या स्वभावात आहे. सार्सचा कोरोना विषाणू बाधा झाल्याझाल्या फारसा पसरत नसे. आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात, रुग्ण अत्यवस्थ होत असताना, त्याच्या श्वासमार्गात विषाणूचे प्रमाण सर्वाधिक असे. तोपर्यंत रुग्ण घर सोडून खाटेवर आलेला असे. मग त्याच्या घशात नळी घालणे, कफ खेचून काढणे, वाफेतून औषध देणे ही कामे सुरू होत आणि विषाणू नेमका त्याच वेळी जवळ वाकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येई. याला मानवी कारणाचीही जोड मिळाली. नोव्हेंबर 2002 मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या फोशान शहरात रुग्ण आढळू लागले होते, पण साथीची माहिती दाबून ठेवली गेली. फेब्रुवारी 2003 च्या दुसऱ्या आठवड्यात चीनने जागतिक आरोग्य संघटनेला 305 रुग्ण आणि 5 मृत्यू कळवले, तेव्हा त्या रुग्णांपैकी सुमारे 30 टक्के आरोग्य कर्मचारी होते. एवढे एक प्रमाण वेळेवर जाहीर झाले असते, तरी पुढच्या डॉक्टरांनी निदान तोंडाला मास्क बांधला असता.

21 फेब्रुवारीला ग्वांगझोऊच्या एका रुग्णालयातले 64 वर्षांचे प्राध्यापक डॉ. लिऊ जिआनलुन हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात उतरले. आपल्या शहरात त्यांनी या रोगाचे रुग्ण पाहिले होते आणि त्यांना स्वतःलाही बरे वाटत नव्हते. नवव्या मजल्यावर त्यांचा मुक्काम जेमतेम एका रात्रीचा झाला. दुसऱ्या दिवशी ते जवळच्या क्वाँग वा रुग्णालयात दाखल झाले, आपला आजार घातक आहे, मला वेगळे ठेवा, असे त्यांनी तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगितले आणि 4 मार्चला त्यांचा मृत्यू झाला. त्यांचा इशारा त्या रुग्णालयापुरता कामी आला. पण हॉटेलातून संसर्ग घेऊन निघालेले प्रवासी हनोई, सिंगापूर, टोरांटो आणि व्हँकुव्हरला पोचले, तर एक तरुण हाँगकाँगमधल्याच प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयात गेला. या सगळ्या ठिकाणी विषाणू एकच होता आणि तो आला तोही एकाच हॉटेलातून. तरीही प्रत्येक ठिकाणची कथा वेगळी झाली. इतिहासात अशी तुलना करण्याची संधी क्वचितच मिळते.

प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयाच्या 8ए वॉर्डात तो तरुण 4 मार्चला न्यूमोनियाचा साधा रुग्ण म्हणून दाखल झाला. श्वास मोकळा व्हावा म्हणून त्याला नेब्युलायझर लावले गेले, दिवसातून अनेकदा, सलग काही दिवस. औषधाच्या त्या वाफेबरोबर विषाणू वॉर्डभर फिरत राहिला. 10 मार्चच्या सुमारास वॉर्डातले बरेच कर्मचारी एकदमच आजारी पडल्याचे लक्षात आले. त्या रुग्णालयाने पुढे 138 रुग्णांची जी माहिती प्रसिद्ध केली, तीत 69 आरोग्य कर्मचारी आणि 16 वैद्यकीय विद्यार्थी होते. परीक्षेच्या तयारीसाठी रुग्ण तपासायला आलेली मुले रुग्ण म्हणून तिथेच दाखल झाली. आता सहकाऱ्यांना सहकाऱ्यांवर उपचार करावे लागत होते. काल बरोबर जेवलेल्या माणसाच्या घशात आज नळी घालायची आणि ती घालताना उद्या आपली पाळी असेल हे पक्के ठाऊक, अशी ती अवस्था होती. हाँगकाँगच्या सार्वजनिक रुग्णालयांचे मुख्य अधिकारी विल्यम हो यांनाही मार्च महिन्यातच लागण झाली. शहरातले आठ आरोग्य कर्मचारी या साथीत गेले. त्यांत 35 वर्षांच्या डॉ. जोआना त्से होत्या. त्यांनी सार्सच्या वॉर्डात काम करण्यासाठी आपणहून नाव दिले होते.

हनोईत मेट्रोपोलचा एक पाहुणा 26 फेब्रुवारीला तिथल्या फ्रेंच रुग्णालयात दाखल झाला. दोन दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. कार्लो उर्बानी यांना मदतीला बोलावण्यात आले. उर्बानी हे संसर्गजन्य रोगांचे इटालियन तज्ज्ञ. ‘मेदसाँ साँ फ्राँतिए’ या संस्थेला 1999 मध्ये शांततेचे नोबेल मिळाले तेव्हा ते स्वीकारणाऱ्या शिष्टमंडळात तेही होते. आपल्याला ठाऊक असलेल्या कोणत्याही रोगात हे बसत नाही हे त्यांनी ओळखले. ते रोज रुग्णालयात जाऊन नमुने गोळा करत राहिले, घाबरलेल्या कर्मचाऱ्यांच्या सोबत राहिले आणि व्हिएतनाम सरकारने हे प्रकरण उघडपणे हाताळावे म्हणून 9 मार्चच्या बैठकीत त्यांनी अधिकाऱ्यांचे मन वळवले. 11 मार्चला ते बँकॉकला निघाले आणि विमानातच त्यांना ताप चढला. विमानतळावर घ्यायला आलेल्या सहकारी डॉक्टरला त्यांनी जवळ येऊ दिले नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत दोघे अंतर राखून बसून राहिले. 29 मार्चला उर्बानी गेले. त्यांनी दिलेल्या सूचनेमुळेच जागतिक आरोग्य संघटनेचा 12 मार्चचा जागतिक इशारा वेळेवर निघाला होता. व्हिएतनामने त्यांचे ऐकले: रुग्णालय नव्या रुग्णांसाठी बंद केले, आजारी कर्मचाऱ्यांसह सगळ्यांना वेगळे ठेवले, बाहेरच्या तज्ज्ञांना येऊ दिले. पुढचे रुग्ण बाक माय रुग्णालयात गेले. तिथे खोल्यांच्या खिडक्या उघड्या ठेवून हवा खेळती राखली गेली आणि कर्मचाऱ्यांना लागण झाली नाही. 28 एप्रिलला व्हिएतनाम साथीतून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. असा तो पहिलाच देश होता.

सर्वांत बोलकी तुलना मात्र कॅनडातली आहे. 7 मार्च या एकाच दिवशी त्या देशात दोन माणसे दोन रुग्णालयांत पोचली. व्हँकुव्हरमध्ये आलेला माणूस मेट्रोपोलमध्ये राहून आला होता, टोरांटोतला माणूस तिथून परतलेल्या आणि दोन दिवसांपूर्वी वारलेल्या आईकडून आजार घेऊन आला होता. व्हँकुव्हर ज्या प्रांतात आहे त्या ब्रिटिश कोलंबियाच्या आरोग्य यंत्रणेने आशियातून येणाऱ्या श्वसनविकारांबाबत फेब्रुवारीतच रुग्णालयांना सावध केले होते. त्यामुळे तिथल्या तातडीच्या विभागाने रुग्णाला काही मिनिटांतच वेगळ्या खोलीत हलवले, कर्मचाऱ्यांनी मास्क चढवले आणि त्याच्यापासून कुणालाही बाधा झाली नाही. टोरांटोच्या स्कारबरो ग्रेस रुग्णालयातला माणूस पडद्याआडच्या खाटेवर, इतर रुग्णांच्या शेजारी रात्रभर पडून होता. टोरांटोतली संसर्गाची साखळी तिथूनच सुरू झाली. दोन्ही ठिकाणचे डॉक्टर सारख्याच शिक्षणाचे, सारख्याच धैर्याचे होते. एका ठिकाणी यंत्रणेने आधी खबर दिली होती, दुसऱ्या ठिकाणी दिली नव्हती. व्हँकुव्हरला नशिबाचीही साथ मिळाली असे कुणी म्हणेल आणि त्यात तथ्य आहे. पण नशिबाचा फायदा घेण्यासाठीही दार आधी उघडे ठेवावे लागते, आणि ते उघडे ठेवणे हे एकट्या डॉक्टरचे काम नव्हते.

26 मार्चला ऑन्टारियो प्रांतात आणीबाणी जाहीर झाली. टोरांटो परिसरातल्या रुग्णालयांनी नेहमीची कामे थांबवली, भेटायला येणाऱ्यांना बंदी झाली. संसर्गाच्या संपर्कात आलेल्या अनेक डॉक्टर-परिचारिकांना ‘कामापुरते विलगीकरण’ लागू झाले. म्हणजे घरून रुग्णालयात यायचे, रुग्णालयातून घरी जायचे, मधे कुठेही थांबायचे नाही आणि घरातही माणसांपासून दूर राहायचे. पाळी संपेपर्यंत गाऊन, हातमोजे, गॉगल आणि घट्ट मास्क. या दिवसांत टोरांटोच्या मनोविकारतज्ज्ञांनी केलेल्या नोंदींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: कर्मचाऱ्यांना स्वतःच्या मरणाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, धास्ती होती ती घरच्यांना रोग देण्याची. त्यात समाजाने फिरवलेली पाठ. सिंगापुरात गणवेशातल्या परिचारिकांपासून बसमधले लोक दूर सरकत असत. 13 एप्रिलला टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात एका अत्यवस्थ रुग्णाच्या घशात नळी घालण्याचे अवघड काम झाले. तो रुग्ण स्वतः डॉक्टर होता. सर्वांनी संरक्षक साधने घातली होती, तरी त्या रुग्णाच्या शुश्रूषेतल्या नऊ कर्मचाऱ्यांना लागण झाली. मास्क चेहऱ्यावर नीट बसतो की नाही याची तपासणी झालेली नव्हती आणि साधने कोणत्या क्रमाने काढायची हे अनेकांना नेमके ठाऊक नव्हते, असे चौकशीत दिसले. मास्क होता, पण तो वापरायचे शिक्षण कुणी दिले नव्हते. साधनांवरचा विश्वास अशा घटनेनंतर उडाला, तर त्याला घाबरटपणा कसे म्हणायचे?

मे महिन्याच्या मध्याला टोरांटोत साथ संपल्यासारखी वाटली. 17 मेला आणीबाणी उठवण्यात आली, मास्क आणि तपासण्यांचे नियम सैल झाले. त्याच दिवसांत नॉर्थ यॉर्क जनरल रुग्णालयातल्या परिचारिका सांगत होत्या की काही रुग्णांचा ताप आणि खोकला सार्ससारखा दिसतो. त्यांचे म्हणणे मानले गेले नाही. महिनाअखेरीस दुसरी लाट उघड झाली आणि तिचे केंद्र तेच रुग्णालय होते. ऑन्टारियोत एकूण 44 जण या साथीत गेले. त्यांत दोन परिचारिका आणि एक डॉक्टर होते. प्रांताने न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांचा चौकशी आयोग नेमला. त्याच्या अंतिम अहवालाचे नावच ‘भीतीचा वसंत’ असे होते. बहुतेक रुग्णांना संसर्ग रुग्णालयासारख्या ठिकाणीच झाला होता हे त्याने दाखवून दिले आणि परिचारिकांचे इशारे ऐकले न गेल्याची कठोर शब्दांत नोंद केली. पहिल्या लाटेत यंत्रणा गाफील होती, हे समजून घेता येते. दुसऱ्या लाटेत सांगणारे सांगत होते आणि ऐकणारे ऐकत नव्हते. कर्मचाऱ्यांचे मन खचते ते अशा ठिकाणी.

बीजिंग आणि तैपेई यांनी हेच दुसऱ्या बाजूने दाखवले. एप्रिलच्या सुरुवातीला चीनचे आरोग्यमंत्री परिस्थिती आटोक्यात असल्याचे सांगत होते. लष्करी रुग्णालयातले निवृत्त शल्यचिकित्सक डॉ. जिआंग यानयोंग यांनी आपल्या ओळखीच्या रुग्णालयांतले खरे आकडे पत्राने प्रसारमाध्यमांना कळवले. ते परदेशी साप्ताहिकात छापून आले आणि 20 एप्रिलला आरोग्यमंत्री व बीजिंगचे महापौर या दोघांनाही पद सोडावे लागले. राजधानीतल्या रुग्णांचा अधिकृत आकडा 37 वरून एकदम 339 वर गेला. मधल्या काळात जे डॉक्टर बेसावधपणे रुग्ण तपासत राहिले, त्यांच्या आजारपणाची जबाबदारी विषाणूइतकीच त्या 37 च्या आकड्यावरही येते. तैपेईत 24 एप्रिलला होपिंग रुग्णालय आतल्या सुमारे हजार माणसांसह अचानक बंद करण्यात आले. सुटीवर असलेल्या कर्मचाऱ्यांनाही परत आत बोलावले गेले. आजारी आणि निरोगी यांना वेगळे ठेवण्याची पुरेशी तजवीज नव्हती. लोक खिडक्यांतून कागद आणि फलक दाखवून मदत मागत होते, काही कर्मचारी परत यायला तयार नव्हते आणि त्यांच्यावर कारवाई झाली. हनोईतही रुग्णालय बंद झाले होते आणि तैपेईतही. एका ठिकाणी आतल्यांना आपण एकटे नाही असे वाटले, दुसऱ्या ठिकाणी आपल्याला कोंडून सोडून दिले असे वाटले.

5 जुलै 2003 ला साथ आटोक्यात आल्याचे जाहीर झाले. माणसांचे काय झाले हे मात्र नंतर मोजले गेले. टोरांटोचे मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट माँडर आणि सहकाऱ्यांनी साथीनंतर एक ते दोन वर्षांनी, सार्सचे रुग्ण हाताळलेल्या टोरांटोतल्या नऊ रुग्णालयांतले कर्मचारी आणि सार्स न पाहिलेल्या शेजारच्या हॅमिल्टनमधल्या चार रुग्णालयांतले कर्मचारी यांची तुलना केली. बर्नआउट, म्हणजे कामाने मन रिकामे होऊन जाण्याची अवस्था, टोरांटोत सुमारे 30 टक्के जणांत आढळली, हॅमिल्टनमध्ये 19 टक्के. मानसिक त्रासाचे प्रमाण 45 आणि 30 टक्के, आघातोत्तर तणावाचे 14 आणि 8. टोरांटोतल्या लोकांनी रुग्णांशी संपर्क कमी केला होता, कामाचे तास घटवले होते. साथ संपून दोन उन्हाळे उलटले तरी तिची किंमत रुग्णसेवा चुकवत होती. याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे आणि तो सर्वांत महत्त्वाचा. ज्यांना पुरेसे प्रशिक्षण, संरक्षण आणि पाठबळ मिळाल्याचे वाटत होते, त्यांच्यात हा त्रास कमी होता.

यावर आक्षेप घेता येतात. पहिला असा, की डॉक्टरने व्यवसाय निवडतानाच धोका पत्करलेला असतो. सैनिकाने गोळीला भ्यावे काय? या आक्षेपाला साथीनेच उत्तर दिले आहे. बहुसंख्य डॉक्टर-परिचारिका भीत होते आणि तरीही कामावर येत होते. भीती आणि कर्तव्य एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, हे उर्बानी आणि त्से यांच्यासारख्यांनी प्राण देऊन दाखवले. शिवाय ही बांधिलकी दुहेरी आहे. ज्याला पुढे पाठवायचे त्याला खरी माहिती, चांगली साधने आणि आजारी पडल्यास काळजीची हमी देणे हे पाठवणाऱ्याचे कर्तव्य आहे. दुसरा आक्षेप, बर्नआउट हा शेवटी ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग आहे. हे अंशतः खरे आहे. माँडर यांच्या अभ्यासातही ताण टाळण्याच्या किंवा स्वतःला दोष देण्याच्या सवयीचा संबंध त्रासाशी दिसला आणि अनुभवी कर्मचारी अधिक टिकून राहिल्याचे आढळले. पण स्वभाव साथीच्या आठवड्यात बदलता येत नाही. प्रशिक्षण, सुटी, पाळ्यांची आखणी आणि वरिष्ठांचे वागणे बदलता येते. उपाय जिथे हाती आहे तिथेच जबाबदारी ठेवली पाहिजे. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: रोग नवा होता, विज्ञानच अपुरे होते, मग यंत्रणेला दोष कसा द्यायचा? कॅम्पबेल आयोगाने याचे उत्तर सावधगिरीच्या तत्त्वात दिले. धोका कमी करण्याचे वाजवी उपाय वैज्ञानिक खात्री होईपर्यंत थांबवून ठेवू नयेत. व्हँकुव्हरला 7 मार्चला विषाणूचे नावही ठाऊक नव्हते. रुग्णाला वेगळे करायला नावाची गरज पडली नाही.

या साथीचे पडसाद दूरवर उमटले. भारतात सार्सची पहिली नोंद एप्रिल 2003 मध्ये गोव्यात झाली, पुण्यातही रुग्ण सापडले आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेवर तपासण्यांचा भार आला. देशात संभाव्य रुग्ण तीनच ठरले आणि मृत्यू एकही झाला नाही. सिंगापूर, हाँगकाँग, तैवान यांनी संसर्गनियंत्रणाचे कायमचे नियम केले, साधनांचे साठे ठेवले, विलगीकरणाच्या खोल्या बांधल्या. 2020 मध्ये त्याचा उपयोग झाला. पण अनेक देशांनी, ज्यांना 2003 मध्ये झळ लागली नव्हती, काहीच शिकून ठेवले नव्हते. कोविडच्या सुरुवातीला पीपीई किट आणि मास्क कमी पडले, हंगामी कर्मचाऱ्यांच्या पगारांवरून वाद झाले, डॉक्टरांना घर रिकामे करायला सांगणारे घरमालक आपल्याकडेही निघाले. जानेवारी 2020 ते मे 2021 या काळात जगात 80 हजार ते 1 लाख 80 हजार आरोग्य कर्मचारी कोविडने गेले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सार्समध्ये सगळे मिळून गेले 774.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटचे वर्गीकरण करताना त्याला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हटले. सार्सच्या इतिहासातून हेच निघते. टाळ्या, थाळ्या आणि ‘योद्धा’ ही पदवी यांनी डॉक्टरांचा गौरव होतो, पण पदवी देऊन मास्क बसवता येत नाही आणि फुले उधळून पाळीचे तास कमी होत नाहीत. पुढची साथ येईल तेव्हा तिचा विषाणू कोणता असेल हे कुणाच्या हाती नाही. वॉर्डातल्या परिचारिकेने दिलेला इशारा त्याच दिवशी वर पोचेल का, मास्क मापाने बसवून दिला जाईल का, आकडे खरे सांगितले जातील का आणि थकलेल्या माणसाला सुटी मागताना मान खाली घालावी लागणार नाही ना, हे मात्र आज ठरवता येते. डॉक्टरांकडून धैर्याची अपेक्षा करण्याचा अधिकार समाजाला आहे. तो अधिकार या चार गोष्टींची किंमत आधी मोजून कमवावा लागतो.